फ्रेम दराची अचानक घसरण

संगणकावर व्हिडिओ गेम सुरळीत चालू असताना पडद्यावर दर सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांची, म्हणजेच फ्रेमची, संख्या एकाएकी कमी होणे यास फ्रेम दराची अचानक घसरण असे म्हणतात. खेळणाऱ्यांच्या बोलण्यात तिच्यासाठी 'फ्रेम ड्रॉप' आणि तीमुळे जाणवणाऱ्या अडखळण्यासाठी 'स्टटर' हे शब्द रूढ आहेत. संगणकाची क्षमता अपुरी असल्याने गेम पहिल्यापासूनच संथ चालणे ही निराळी बाब होय. अचानक घसरणीत तोच संगणक, तोच गेम आणि त्याच सेटिंग थोड्या वेळापूर्वी व्यवस्थित चालत असतात. त्यामुळे 'संगणकात काय कमी आहे' यापेक्षा 'मधल्या वेळात काय बदलले' हा प्रश्न निदानासाठी अधिक उपयोगी ठरतो. हा फरक लक्षात न घेतल्याने चांगले ग्राफिक्स कार्ड काढून दुसरे घेण्याचा खर्च अनेकदा विनाकारण केला जातो.

घसरणीची कारणे जगभर सारखीच असली तरी त्यांचे प्रमाण ठिकाणानुसार बदलते. पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात उन्हाळ्यातील तापमान, कारखान्यांची व बांधकामांची धूळ, शिफ्टनुसार ठरणारी खेळाची वेळ आणि गुरुवारी देखभालीसाठी बंद राहणारी वीज यांमुळे काही कारणे विशेष ठळकपणे दिसतात.

फ्रेम दर आणि फ्रेम वेळ

फ्रेम दर प्रतिसेकंद फ्रेममध्ये मोजतात. एक फ्रेम तयार होण्यास लागणाऱ्या कालावधीस फ्रेम वेळ म्हणतात व ती मिलिसेकंदात मोजतात. प्रतिसेकंद ६० फ्रेमसाठी प्रत्येक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते, ३० फ्रेमसाठी ३३.३ मिलिसेकंद मिळतात, तर १४४ फ्रेमसाठी अवघे ६.९.

सरासरी फ्रेम दर फसवा असू शकतो. एका सेकंदात ५९ फ्रेम प्रत्येकी १४ मिलिसेकंदांत तयार झाल्या आणि एका फ्रेमला १७४ मिलिसेकंद लागले, तर एकूण बेरीज १,००० मिलिसेकंद येते आणि सरासरी पूर्ण ६० भरते. खेळणाऱ्याला मात्र चित्र क्षणभर थिजल्याचे स्पष्ट जाणवते. यासाठी सरासरीसोबत सर्वांत संथ एक टक्का फ्रेमवरून काढलेला दर, ज्याला 'वन पर्सेंट लो' म्हणतात, पाहिला जातो. सरासरी चांगली आणि हा आकडा फारच खाली असेल, तर तक्रार खरी आहे असे समजावे.

काही वेळा दर एकदम निम्म्यावर येतो. ६० हर्ट्‌झच्या मॉनिटरवर व्ही-सिंक ही सोय चालू असेल आणि फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत पूर्ण झाली नाही, तर ती पुढील आवर्तनापर्यंत थांबवली जाते. एखादी फ्रेम १७ किंवा १८ मिलिसेकंद घेत असली तरी पडद्यावर ती ३३.३ मिलिसेकंदांनीच उमटते. म्हणजे प्रत्यक्ष कमतरता थोडी असूनही घसरण ६० वरून थेट ३० पर्यंत दिसते. एनव्हिडियाच्या २०१३ सालच्या जी-सिंकने आणि त्यानंतर आलेल्या एएमडीच्या फ्रीसिंकने मॉनिटरलाच फ्रेमच्या गतीशी जुळवून घ्यायला लावून हा दोष बराच कमी केला.

लक्षणांवरून निदान

घसरण केव्हा सुरू होते आणि केव्हा थांबते, याची नोंद हे निदानाचे सर्वांत स्वस्त साधन आहे. गेम सुरू केल्यावर दहा-वीस मिनिटे सर्व ठीक आणि नंतर दर खाली येऊन तेथेच राहत असेल, तर पहिला संशय उष्णतेवर घ्यावा. तासन्‌तास खेळल्यावर दर हळूहळू उतरत असेल आणि गेम बंद करून पुन्हा उघडताच पूर्ववत होत असेल, तर बहुधा गेम व्यापलेली स्मृती मोकळी करीत नसतो. एखादा स्फोट किंवा नवे शस्त्र प्रथम दिसताना झटका बसतो, पण दुसऱ्यांदा बसत नाही, हे शेडर त्या क्षणी संकलित होत असल्याचे चिन्ह होय. नव्या प्रदेशात शिरताना झटके येत असतील तर हार्डडिस्कची गती किंवा ग्राफिक्स कार्डाची स्मृती तपासावी. ठराविक अंतराने, घड्याळ लावल्याप्रमाणे येणारे झटके पार्श्वभूमीत चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रामकडे बोट दाखवतात.

ऑनलाइन गेममध्ये आणखी एक गल्लत होते. प्रतिस्पर्धी जागच्या जागी उड्या मारतात, गोळी उशिरा लागते, परंतु फ्रेम दराचा आकडा स्थिर असतो. हा दोष इंटरनेट जोडणीचा असून त्यासाठी ग्राफिक्सच्या सेटिंग कमी करून काही लाभ होत नाही.

भार कोणत्या घटकावर आहे हे ओळखण्याची सोपी चाचणी म्हणजे गेमचे रिझोल्यूशन तात्पुरते कमी करणे. त्याने दर स्पष्टपणे वाढला तर ग्राफिक्स कार्ड कमी पडत होते. तो तसाच राहिला तर प्रोसेसर. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा एकूण वापर कमी दिसतो म्हणून त्याला निर्दोष मानणे मात्र चुकीचे आहे. १६ थ्रेडच्या प्रोसेसरवर एकच थ्रेड पूर्ण क्षमतेने राबत असेल तर एकूण वापर सुमारे ६ टक्केच दिसतो आणि गेम त्या एका थ्रेडसाठी खोळंबलेला असतो. भोसरी-चाकण भागातील डिझाइन कार्यालयांत कॅटिया किंवा एनएक्समध्ये मोठी जुळणी फिरवताना चित्र अडखळते, त्यामागेही पुष्कळदा हेच कारण असते.

उष्णता आणि धूळ

प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांना तापमानाची मर्यादा ठरवून दिलेली असते. ती गाठली की चिप आपली गती आणि व्होल्टेज स्वतःहून कमी करते. यास थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. चिपमधील वीजवापर गतीच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने दोन्ही थोडे उतरवले तरी उष्णता बरीच घटते. इंटेलच्या अनेक लॅपटॉप प्रोसेसरांत ही मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे, तर एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील अनेक डेस्कटॉप प्रोसेसरांत ९५. थ्रॉटलिंग हा बिघाड नव्हे, ती संरक्षणाची व्यवस्था आहे. ती वारंवार कामाला लागणे हा मात्र दोष आहे.

पंखा आणि हीटसिंक चिपला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाहीत. ते केवळ खोली आणि चिप यांच्या तापमानातील अंतर मर्यादित ठेवतात, आणि भार तोच असेल तर हे अंतर जवळपास तेवढेच राहते. २४ अंशांच्या खोलीत ८० अंशांवर चालणारी चिप ३८ अंशांच्या खोलीत ९४ अंशांच्या आसपास जाईल. पुणे परिसरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ३८ ते ४० अंशांपर्यंत पोहोचते. पत्र्याच्या छपराखाली किंवा तापलेल्या स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावरील खोलीत त्याहून अधिक उकाडा असतो. हिवाळ्यात विकत घेतलेला आणि चार महिने उत्तम चाललेला लॅपटॉप एप्रिलमध्ये 'बिघडतो', त्यामागे हेच साधे गणित असते.

या पट्ट्यात शिफ्टचा मुद्दा त्यात भर घालतो. पिंपरीतील टाटा मोटर्स, आकुर्डी व चाकण येथील बजाज ऑटो, चाकणचे महिंद्र, फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे प्रकल्प आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य लहान कारखाने यांमुळे येथे पाळ्यांत काम करणारा वर्ग मोठा आहे. रात्रपाळी करणाऱ्याच्या वाट्याला खेळासाठी येणारा वेळ अनेकदा दुपारचाच असतो, म्हणजे दिवसातला सर्वांत तप्त. एका खोलीत राहणाऱ्या दोघांचा लॅपटॉप सामाईक असेल तर एकाला तो रात्री सुरळीत आणि दुसऱ्याला दुपारी अडखळणारा वाटू शकतो, आणि दोघांचेही म्हणणे खरे असते. रात्री आणि दुपारी गेमचा तोच भाग, त्याच सेटिंगवर खेळून दोन्ही वेळचे तापमान लिहून ठेवल्यास वाद मिटतो.

धुळीचा परिणाम सावकाश होतो. हीटसिंकच्या पात्यांमध्ये आधी बारीक थर बसतो आणि पुढे लॅपटॉपमध्ये पंखा व पाती यांच्यामध्ये नमद्यासारखी पट्टी तयार होते. हवा बाहेर पडण्याचा मार्गच बुजतो. रस्त्यालगतच्या, बांधकामाशेजारच्या किंवा ग्राइंडिंगची कामे चालणाऱ्या वर्कशॉपजवळच्या घरांत हे लवकर घडते. धातूची पूड विद्युतवाहक असल्याने तिच्यामुळे केवळ गती कमी होण्याचाच नव्हे, तर सर्किटमध्ये शॉर्ट होण्याचाही धोका असतो. सीएनसी यंत्राच्या पॅनेलवरील पंख्याची जाळी नियमित साफ करावी लागते, नाहीतर ड्राइव्ह तापून यंत्र अलार्म देते, हे येथील कोणत्याही ऑपरेटरला ठाऊक असते. घरच्या कॅबिनेटला तोच नियम लागू आहे, पण अलार्मऐवजी तेथे फ्रेम दर पडतो एवढाच फरक.

थर्मल पेस्ट हा चिप आणि हीटसिंक यांच्यामधील बारीक फटी भरणारा पदार्थ काही वर्षांनी सुकतो. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या कूटचलनाची पद्धत बदलल्यावर ग्राफिक्स कार्डांवर त्याचे उत्खनन बंद झाले आणि अशा कामासाठी वापरलेली कार्डे जुन्या मालाच्या बाजारात आली. दिवसरात्र चाललेल्या अशा कार्डांच्या चिपचे तापमान ठीक दिसत असतानाही त्यांच्या स्मृतीचे तापमान मर्यादेबाहेर जाऊन दर पडू शकतो. मूळ थर्मल पॅड कडक झालेले असणे हे त्याचे नेहमीचे कारण. जुने कार्ड घेताना पाच मिनिटांच्या चाचणीवर समाधान मानू नये. निदान अर्धा तास भार देऊन तिन्ही तापमाने, म्हणजे चिपचे, तिच्यातील सर्वांत तप्त बिंदूचे आणि स्मृतीचे, पाहावीत.

वीजपुरवठा

कमी व्होल्टेजमुळे फ्रेम दर कमी होतो अशी समजूत सर्वत्र आढळते. डेस्कटॉपच्या बाबतीत ती सहसा खरी नसते. संगणकातील एसएमपीएस हा भाग २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती पुरवठ्याचे १२ व्होल्टच्या एकदिश पुरवठ्यात रूपांतर करतो, आणि येणारे व्होल्टेज त्याच्या मर्यादेत असेपर्यंत बाहेर पडणारे १२ व्होल्ट जवळपास स्थिर ठेवतो. मर्यादा ओलांडली तर संगणक संथ होत नाही, तो थेट बंद पडतो किंवा रीस्टार्ट होतो. केवळ फ्रेम दरासाठी स्टॅबिलायझर घेणे म्हणून निरुपयोगी ठरते. जुना किंवा हलक्या प्रतीचा एसएमपीएस ग्राफिक्स कार्डाच्या क्षणिक मागणीला पुरा पडत नसेल तरी लक्षण बहुधा हेच, म्हणजे गेममध्ये एकदम काळा पडदा.

लॅपटॉपचे मात्र तसे नाही. अडॅप्टरवरून बॅटरीवर जाताच बहुतेक गेमिंग लॅपटॉप ग्राफिक्स चिपची शक्ती मोठ्या प्रमाणात कमी करतात, कारण बॅटरी तेवढी वीज एकाच वेळी देऊ शकत नाही. पुणे परिसरातील औद्योगिक क्षेत्रांत गुरुवार हा साप्ताहिक सुटीचा दिवस मानला जातो आणि महावितरण देखभाल-दुरुस्तीसाठी त्याच दिवशी अनेक भागांत पुरवठा बंद ठेवते. म्हणजे कामगार घरी असण्याचा आणि वीज नसण्याचा दिवस एकच. घरात इन्व्हर्टर असला तरी त्याची जोडणी सामान्यतः दिवे, पंखे आणि एखाददुसऱ्या सॉकेटपुरती असते. वीज जाते, पंखा फिरतच राहतो, दिवाही जळत असतो. लॅपटॉपचा सॉकेट तेवढा मृत झालेला असतो आणि हे कोणाच्या ध्यानात येत नाही. फ्रेम दर ९० वरून ३० वर आला, तर सेटिंग उघडण्याआधी चार्जरचा दिवा पाहणे इष्ट.

वीज चालू असूनही असेच घडत असेल, तर अडॅप्टरची शक्ती तपासावी. १५० वॅटचा मूळ अडॅप्टर हरवल्यावर ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर लावल्यास लॅपटॉप चार्ज होताना दिसतो, तथापि गेमच्या भारात तो स्वतःची शक्ती मर्यादित करतो आणि काही वेळा बॅटरीही उतरतच राहते.

महाराष्ट्रात भारनियमनाची झळ तीव्र असताना, २००६ मध्ये, पुणे परिसरातील उद्योगांनी स्वतःचे जनित्र संच चालवून वाचवलेली वीज शहराला देण्याची व्यवस्था झाली व ती 'पुणे मॉडेल' म्हणून ओळखली गेली. तेव्हाच्या तुलनेत आज वीज खंडित होण्याचे प्रमाण कमी असले, तरी इन्व्हर्टर घरोघरी राहिले. त्यांपैकी चौरस तरंगाचे स्वस्त इन्व्हर्टर आधुनिक एसएमपीएसला मानवत नाहीत. डेस्कटॉपसाठी शुद्ध साइन तरंगाचा इन्व्हर्टर किंवा पुरेशा क्षमतेचा यूपीएस योग्य समजला जातो.

स्मृती आणि साठवण

ग्राफिक्स कार्डाची स्वतःची स्मृती भरल्यास उरलेली सामग्री संगणकाच्या रॅममध्ये ठेवली जाते व पीसीआय एक्सप्रेस मार्गाने आणावी लागते. आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबी आवृत्तीत कार्डावरील स्मृतीची गती सेकंदाला ३६० जीबी आहे; पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या १६ मार्गिकांवरून एका दिशेने सुमारे ३२ जीबीच येऊ शकतात. त्यामुळे स्मृती थोडी कमी पडली तरी घसरण मोठी होते. यावर टेक्स्चरचा दर्जा एक पायरी खाली आणणे हा नेमका उपाय असून त्याने चित्र फारसे बिघडत नाही. सावल्यांचा दर्जा कमी करून येथे विशेष फरक पडत नाही, कारण तो मुख्यतः चिपच्या गणनेचा भार आहे.

रॅम पुरेशी नसेल तर विंडोज डिस्कवरील पेज फाइल वापरते आणि हार्डडिस्क असल्यास गेम सेकंदभर थिजू शकतो. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात रॅमची एकच पट्टी बसवणे विशेष नुकसानकारक आहे. डीडीआर४-३२०० च्या एका पट्टीतून सेकंदाला २५.६ जीबी, तर दोन चॅनेलवरील दोन पट्ट्यांतून ५१.२ जीबी माहिती जाऊ शकते. विद्यार्थ्यांच्या स्वस्त लॅपटॉपात एकच पट्टी भरून येणे सर्रास आढळते. दुसरी बसवणे हा थोड्या खर्चात होणारा मोठा बदल आहे.

सॉफ्टवेअरजन्य कारणे

विंडोज अपडेट, अँटिव्हायरसची तपासणी, क्लाउडवर फाइल चढवणे, स्क्रीन रेकॉर्डिंग आणि ब्राउझरमधील उघडे टॅब ही नेहमीची कारणे आहेत. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपात अपडेटनंतर गेम चुकून प्रोसेसरमधील कमी शक्तीच्या चिपवर चालू लागतो; विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये त्या गेमसाठी उच्च कार्यक्षमतेचा पर्याय निवडल्यास हे सुटते. नव्या ड्रायव्हरनंतर त्रास सुरू झाला असेल तर आधीच्या आवृत्तीवर परत जाऊन पाहावे.

दोष वापरकर्त्याच्या संगणकात नसून निर्मात्याकडे असल्याचीही उदाहरणे आहेत. मार्च २०२२ मध्ये एएमडीने मान्य केले की काही रायझन संगणकांत एफटीपीएम ही सुरक्षा व्यवस्था मदरबोर्डवरील चिपशी संपर्क साधताना अधूनमधून संपूर्ण संगणक क्षणभर अडखळतो. पुढे बायोसच्या अपडेटने तो दूर झाला. तोवर अनेकांनी रॅम आणि कार्डे बदलून पाहिली होती, हे सांगायला नकोच. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेला 'एल्डन रिंग' हा गेम शक्तिमान संगणकांवरही अडखळत असे आणि प्रकाशकांनी ते कबूल करून दुरुस्त्या दिल्या.

शेडर संकलनाचा त्रास डायरेक्टएक्स १२ (२०१५) व वल्कन (२०१६) यांच्या प्रसारानंतर वाढला. या पद्धतींत संकलन आधीच उरकण्याची जबाबदारी बव्हंशी गेम बनवणाऱ्यांवर येते; ती पार पाडली नाही तर ते काम ऐन खेळात होते. अनरियल इंजिनमध्ये २०२२ नंतर यासाठी स्वयंचलित सोयी आल्या. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: ॲन एन्शन्ट एपिक' (२०२०) याच इंजिनाच्या चौथ्या पिढीवर बनला आहे. गेम प्रथम उघडताना 'शेडर तयार होत आहेत' अशी पट्टी दिसल्यास ती पूर्ण होऊ द्यावी.

चाचणी आणि उपाय

मोजमापासाठी विंडोजची गेम बार सुविधा, एमएसआय आफ्टरबर्नर, एचडब्ल्यूइन्फो आणि कॅपफ्रेमएक्स ही साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. फ्रेम दर पडतो त्याच क्षणी चिपची गतीही पडली आणि तापमान मर्यादेजवळ होते, तर थ्रॉटलिंग सिद्ध होते. एचडब्ल्यूइन्फोमध्ये त्याची स्वतंत्र 'होय-नाही' नोंद असते. गती कायम राहून ग्राफिक्स चिपचा वापर मात्र खाली आला असेल, तर ती चिप कोणाची तरी वाट पाहत आहे; प्रोसेसर, डिस्क किंवा गेमवर घातलेली फ्रेम दराची कमाल मर्यादा यांपैकी एक कारण शोधावे. एका वेळी एकच बदल करावा. ड्रायव्हर, सेटिंग आणि साफसफाई एकाच संध्याकाळी केल्यास त्रास थांबतोही, पण कशाने थांबला हे कळत नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात सर्व पुन्हा करावे लागते.

उष्णतेवरील बिनखर्चाचा आणि तरीही दुर्लक्षित उपाय म्हणजे फ्रेम दरावर कमाल मर्यादा घालणे. ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर गेम ११० फ्रेम तयार करीत असेल तर जवळपास निम्मे कष्ट पडद्यावर उमटतच नाहीत, उष्णता मात्र पूर्ण निर्माण होते. मर्यादा ६० ठेवल्यास चिप थंड राहते आणि अचानक येणाऱ्या भारासाठी तिच्याकडे राखीव शक्ती उरते. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर न ठेवता मागील बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून टणक पृष्ठभागावर ठेवल्यानेही तापमान उतरते.

साफसफाई संगणक बंद करून, प्लग काढून आणि शक्य असल्यास बॅटरी वेगळी करून करावी. ब्लोअर वापरताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. हवेच्या झोताने ते अतिवेगाने फिरले तर बेअरिंग खराब होते. एसएमपीएस उघडू नये, कारण प्लग काढल्यावरही त्यातील कॅपॅसिटरमध्ये घातक विद्युतभार काही काळ राहतो. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर घरातील अर्थिंग तुटलेले किंवा नसलेले असते. फ्रेम दराची चिंता बाजूला ठेवून आधी वायरमनला बोलवावे. सतत तापणाऱ्या लॅपटॉपचा टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा झाकण नीट बसत नसेल, तर आतील लिथियम बॅटरी फुगलेली असू शकते. असा लॅपटॉप चार्ज न करता, दाब न देता अधिकृत सेवा केंद्रात न्यावा. फुगलेली बॅटरी टोचणे किंवा कचऱ्यात टाकणे आगीस कारण ठरते.